शून्य नंबरची टोपी

(जरा डोळ्यांपुढे आणून बघा. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, श्रावण संपत आलेला. कशेळ्याच्या बाजारपेठेतली एक खोली. टेबलावर टीव्ही, टीव्हीला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर, म्हणजे दिसायला नुसता जाडजूड टाइपरायटर, आणि त्याच्या शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर. नर्सबाईंची हिरू, वय बारा, खुर्चीत मांडी घालून बसली आहे. तिचा चंदरमामा मुंबईच्या ऑफिसातून आला आहे. त्याच्या मांडीवर एक लोखंडी पेटी आहे. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे जलालचाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले आहेत. बोलणं आपण यायच्या आधीच सुरू झालं आहे. आवाज न करता खिडकीशी उभे राहू आणि ऐकू.)

चंदरमामा : ...आणि याच्यावर तू पोरांची वजनं ठेवतेस? आमच्या ऑफिसात हा डबा दोन वर्षं कपाटाखाली पडून होता. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून शिपाई त्याची टेकण लावायचा.

हिरू : म्हून तर तुमी मला दिलात.

चंदरमामा : खेळायला दिला. बेरजा कर, सापशिडी खेळ. आईचं सरकारी दप्तर त्यात घाल, असं नव्हतं सांगितलं.

जलालचाचा : साहेब, ती पेटी आधी खाली ठेवा. मुंबईपासून मांडीवर धरलीय. आता काय तिला पाय फुटत नाय.

चंदरमामा : पेटी नाही, जलालभाई. हार्ड डिस्क. आत तबकडी फिरते, मिनिटाला साडेतीन हजार वेळा, आणि तिच्यावर एक डोकं केसाहून कमी अंतरावर तरंगतं. टेकलं की खेळ खलास. तुमच्या कर्जत-कशेळे रस्त्यावर मी ती कशी सांभाळली ते माझं मला माहीत. रस्ता आहे की गुरांची वाट?

जलालचाचा : त्याच वाटेनं दहावीपर्यंत गुरं हाकलीस, चंदर. तवा वाट बरी होती वाटतं.

चंदरमामा : तेव्हा माझ्या मांडीवर दहा मेगाबाइट नव्हते. आणि ऑफिसात मला चंद्रकांत म्हणतात.

जलालचाचा : म्हणू द्या. ऑफिसात हा डबा पण दाराला लावत होते.

हिरू : मामा, दहा मेगाबाइट म्हंजी किती कॅसेटी?

चंदरमामा : तुझ्या असल्या पंचवीस-तीस. आणि कॅसेटसारखं मागंपुढं फिरवत बसावं लागत नाही. मागितलं की समोर. पण मला एक कळत नाही, एवढी घाई कसली? ताईनं पत्रात लिहिलं, असशील तसा ये. मला वाटलं, कोणी आजारी आहे.

हिरू : हायेतच की आजारी. वाडीवरची पोरं.

चंदरमामा : ती नेहमीच असतात.

हिरू : उद्या सकाळी कर्जतवरून डॉक्टरीणबाई येणार हायेत. दहा पोरं बघणार, जास्त नाय. आईकडं करंजवाडी नि तिच्या वरच्या दोन वाड्या धरून एकशे अठरा पोरं. ज्याचं वजन दोन म्हयने लागोपाठ उतरलं, त्याला पयलं आणायचं. ते कुणाचं उतरलं, ती यादी काढायची हाय.

चंदरमामा : मग आईची वही बघ आणि काढ. त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे?

हिरू : वही वढ्यात गेली. गेल्या शुक्रवारी वाडीवरनं उतरताना आईचा पाय सरकला. माणसांनी आईला काढली. वहीला नाय काढली.

चंदरमामा : ताईला लागलं?

हिरू : आता इचारलंत.

जलालचाचा : गुडघा फुटला. त्याच गुडघ्यानं आज कर्जतला गेलीय, औषधांचा खोका आणायला. उद्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीतूनच येईल. पोरीला सांगून गेलीय, यादी काढ नि साडेपाचच्या शेवटच्या जीपला वाडीवर निरोप धाड. आत्ता वाजलेत तीन. तुमचं रस्त्याचं गाऱ्हाणं संपलं असंल तर झाकण उघडतो.

चंदरमामा : माझी पाचची एसटी आहे. तोवर होतंय ते बघू. पण आकडे कॅसेटवर आहेत ना? मग कॅसेट लाव.

हिरू : एका बाजूला आधीचे म्हयने हायेत, दुसऱ्या बाजूला आताचे. दोन्ही याच्या पोटात एकदम मावत नायत. एक घातलं की दुसरं पुसतं. सारखी उलटसुलट करून टेप ताणली. काल पाच वेळा लावली, एकदाच उतरली.

चंदरमामा : आणि ही जगातली एकच प्रत.

हिरू : व्हय.

चंदरमामा : वा. वही ओढ्यात, कॅसेट ताणलेली, कॉम्प्युटर भंगारातला. आणि मेकॅनिक रेडिओचा.

जलालचाचा : रेडिओचा मेकॅनिक दर महिन्याला या डब्याची वायर जोडून देतो. पोरीचा मामा दोन वर्षांत आज आला.

हिरू : चाचा, भांडू नका. मामा, आता कॅसेटची एकेक बाजू एकदाच उतरवायची नि लगेच तुमच्या पेटीत ठेवायची. मंग टेप तुटली तरी चालंल. आईच्या पत्राखाली आसंच लिवलं व्हतं ना मी?

चंदरमामा : लिहिलं होतंस. आणि ऑफिसात मी ते वाचून दाखवलं, सगळे हसले. मूळची ड्राइव्ह, असलीच पेटी, या कॉम्प्युटरबरोबरच आली होती. ती मेली, मग तिच्या जागी ही दुसऱ्या कंपनीची बसवली. पुढं डबा बाजूला पडला, ही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. आता साहेबांनी नवीन मोठी घेतली, ही आवाज करते म्हणून टाकून देत होते. कार्ड, म्हणजे डिस्कला कॉम्प्युटरशी जोडणारी पट्टी, मात्र जुनंच आहे, या डब्याचंच. म्हणून आणली. चला, बटण बंद करा. चालू असताना काही जोडायचं नाही.

हिरू : बंद हाय. मी मगाशीच केलं.

चंदरमामा : ही चपटी वायर घ्या. एक टोक कार्डाला, दुसरं डिस्कला.

हिरू : लाल काठ कुठल्या अंगाला?

चंदरमामा : काठ? साडी आहे का ती? रिबन केबल म्हणतात. ती लाल वायर म्हणजे एक नंबर, आणि एक नंबर एक नंबरकडं.

जलालचाचा : पोरीनं बरोबर विचारलं. तुमच्या हातात लाल काठ दुसऱ्या अंगाला हाय, साहेब.

चंदरमामा : मी बघतच होतो.

जलालचाचा : बघत होतात नि दाबत पण होतात.

चंदरमामा : झालं, फिरवली. आता ही बारकी काळी टोपी बघा, ऑफिसात ड्राइव्ह काढताना निघून आली. तांदळाएवढी. पडली तर सापडणार नाही.

हिरू : ती कशाला?

चंदरमामा : तुला कळायचं नाही.

जलालचाचा : मला पण कळायचं नाय. म्हणून सांगा. ज्याला येतं त्याला सांगता येतं.

चंदरमामा : ऐक तर. शाळेत हजेरी घेतात ना? गुरुजी नंबर पुकारतात, ज्याचा नंबर त्यानंच हजर म्हणायचं. सगळे ओरडले तर गोंधळ. तसं या वायरीवर चार ड्राइव्ह लागू शकतात. कॉम्प्युटर नंबर पुकारतो. कुठली ड्राइव्ह कुठल्या नंबरला ओ देणार, ते या टोपीवरून ठरतं. इथं काट्यांच्या जोड्या आहेत. ज्या जोडीवर टोपी घालाल तो तिचा हजेरीतला नंबर.

हिरू : हे कळलं की मला.

चंदरमामा : कळलं ना? आता बघ. आपला कॉम्प्युटर पुकारतो शून्य नंबर.

हिरू : शून्य? म्हंजी कुणीच नाय?

चंदरमामा : इथंच तुमच्यात आणि आमच्यात फरक आहे. सगळी दुनिया एकपासून मोजते. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. हे शिकायला आम्ही दादरला फी भरून वर्षभर गेलो.

जलालचाचा : वर्षभर? शून्यापर्यंत पोचायला?

हिरू : पण मामा, हितं काट्यांखाली एक, दोन, तीन, चार असं लिवलंय. शून्य नायच.

चंदरमामा : कोपऱ्यात पाचवी जोडी दिसते? तिच्याखाली काही लिहिलेलं नाही. तीच शून्याची.

जलालचाचा : ज्यानं चार आकडे लिवले त्याची शाई पाचव्यालाच कशी संपली? ती जोडी दुसऱ्याच कामाची असंल. मी म्हणतो, सरळ एकवर घाला. एकटीच ड्राइव्ह हाय, ती पयली.

चंदरमामा : म्हटलं ना, एक म्हणजे दुसरी. एकवर टोपी घातली तर कॉम्प्युटर शून्याला हाक मारत बसेल आणि ही गप्प राहील. जलालभाई, रेडिओत स्टेशन लावायचं म्हणजे कान पिळायचा, एवढंच असतं. इथं डोकं लागतं.

जलालचाचा : कानांच्या मधेच असतं ते बहुतेकांचं.

चंदरमामा : घातली टोपी. शून्यावर. लावा बटण.

हिरू : फिरायला लागली. गिरणीगत आवाज येतोय.

चंदरमामा : फिरणारच, वीज पोचली की फिरते. आता पडद्यावर बघ.

हिरू : ड्राइव्ह सापडत नाय, आसं लिवलंय.

चंदरमामा : परत दाब.

हिरू : सापडत नाय.

चंदरमामा : सर. मला बसू दे. तुझ्या हाताचा चिखल लागला असेल कळांना.

हिरू : हात धुतलेत मी.

चंदरमामा : ...सापडत नाही म्हणतोय.

हिरू : तुमी पण हात धुऊन बघा, मामा.

जलालचाचा : हसायचं नाय, हिरू. मामा मोठा माणूस हाय.

चंदरमामा : वायर काढा. परत लावा. कार्ड बघा. काट्यांना गंज नाही ना?

जलालचाचा : वायर काढली, लावली. कार्ड पुसलं. काटे चकचकीत. आता रेडिओवाल्याचं ऐकून टोपी एकवर घालून बघू या?

चंदरमामा : हात लावू नका. चुकीच्या जागी टोपी गेली तर कार्ड जळतं. असलं कार्ड आता भारतात मिळत नाही.

जलालचाचा : जळतं की तुमचं म्हणणं खोटं पडतं?

चंदरमामा : ड्राइव्ह मेलेली आहे. सरळ दिसतंय. कर्जतपर्यंत जिवंत होती, पुढं या रस्त्यानं मारली. मी ताईला कळवलं होतं, असल्या खेड्यात ही यंत्रं टिकत नाहीत. धूळ, चिखल, वीज कधी येते कधी जाते. इथल्या लोकांना कंदील पुरे.

हिरू : मामा, सव्वाचार झाले.

चंदरमामा : म्हणूनच आवरतो आहे. पेटी परत नेतो. सुट्या भागाला तरी येईल. तू आपली आठवून दहा नावं लिही. एवढी वाडीवर जातेस आईबरोबर, हडकुळी पोरं कुठली ते दिसत नाही?

हिरू : सगळीच हडकुळी हायेत. दिसून कळत नाय. गेल्या साली आईनं बघून ठरवलं, हा जरा बरा दिसतो, थांबू दे. आबाजी ठाकराचा नातू. अंगावर सूज व्हती म्हून बरा दिसत व्हता.

चंदरमामा : मग?

हिरू : मंग तो गेला, नि आई वजनं लिवायला लागली. नि मी हे.

जलालचाचा : स्क्रू कुठं टाकता, साहेब? इकडं द्या.

हिरू : मामा, थांबा. येक सांगा. आई वाडीवर पोरं रांगेत उभी करून मोजते, तवा पयल्या पोराला काय म्हणते?

चंदरमामा : मला काय माहीत. वायर सोड.

हिरू : लाभ. लाभ, दोन, तीन, चार.

चंदरमामा : खळ्यावरचं ते. भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, म्हणजे घरात लक्ष्मी येते. आमच्या घरात सात पिढ्या लाभ म्हणत आल्या आणि भात दुसऱ्याच्या घरात गेलं. ताई नर्स झाली, तरी डोक्यातलं खळं गेलं नाही.

जलालचाचा : आमचे अब्बा बरकत म्हणायचे. बरकत, दोन, तीन. अख्खी रास मापली तरी तोंडातनं एक निघायचा नाय.

हिरू : मंग चाचा, तुमच्या अब्बांची बरकत नि आमचा लाभ, ह्या पायल्या दोन की एक?

जलालचाचा : एकच की गं. रास एक, पायली एक. तोंडं दोन.

हिरू : मंग मामाचा कॉम्प्युटर पयल्या पायलीला शून्य म्हणतो. नि ही पेटी दुसऱ्या घरची हाय, मामाच म्हणाले, दुसऱ्या कंपनीची. तिच्या घरी पयल्या पायलीला एक म्हणत आसतील. पायली तीच.

चंदरमामा : हे शास्त्र आहे, हिरू. पायल्या नाहीत.

हिरू : नाव निराळं हाय. पयली ती पयलीच. शून्य नि एक ही एकाच पोराची दोन नावं हायेत, मामा. घरी चंदर, ऑफिसात चंद्रकांत.

जलालचाचा : घ्या.

चंदरमामा : जळेल, सांगतोय मी.

हिरू : पण तुमच्या म्हणण्यानं ती मेलीच हाय ना? मेलेलीचं काय जळायचं?

जलालचाचा : तुमच्यात मेल्यावरच जाळतात, बेटा. आमच्यात तेवढंही भ्यायचं कारण नाय. बटण बंद हाय. चिमटा घे. टोपी वर उचल, सरळ. घाई नको. काटा वाकवू नको.

हिरू : निघाली.

जलालचाचा : आता एकवर. हात टेबलाला टेकव म्हणजे कापत नाय. दाब हळूच. बसली?

हिरू : बसली. लावू?

चंदरमामा : मला विचारू नकोस.

हिरू : तुमाला नाय, चाचांना इचारलं.

जलालचाचा : लाव.

हिरू : फिरली... लाल दिवा लागला पेटीवर. मगाशी नव्हता लागला. आतनं टिकटिक वाजतंय. चाचा, पडद्यावर बघा.

जलालचाचा : मला विंग्रजी येत नाय, तू वाच.

हिरू : शून्य नंबरची ड्राइव्ह तयार. आसं लिवलंय. टोपी एकवर हाय, नि तो शून्य म्हणतोय.

जलालचाचा : काय हो साहेब? दादरला हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात का?

चंदरमामा : त्या कंपनीनं आकडे चुकीचे छापलेत.

जलालचाचा : हां, कंपनी अडाणी. कशेळ्याची असंल.

चंदरमामा : मी शेवटी एकवरच घालून बघणार होतो.

जलालचाचा : बघणार होता, पिशवीत भरून. कॅसेट लाव गं, हिरू. साडेचार होत आले.

हिरू : आधीच्या म्हयन्यांची बाजू लावली. ऐका.

चंदरमामा : काय ही किंचाळी. मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखी.

हिरू : आकडेच हायेत ते. आवाजात लिवलेले. ...चुकलं म्हणतोय. मागं घेऊ?

जलालचाचा : थांब. सारखी फिरवलीस तर तुटंल. टेप वाचतं त्या डोक्याशेजारी बारीक स्क्रू हाय, तो मी फिरवतो. आवाज घोगरा हाय, ऐकला? टेप ताणल्यानं तिरकी चालत्ये. डोकं पण तेवढंच तिरकं करायचं. शीळ साफ झाली की थांबायचं.

चंदरमामा : कानानं? आकड्यांचा हिशेब तुम्ही कानानं लावणार?

जलालचाचा : स्टेशन लावायचं म्हणजे कानच पिळायचा, आपणच म्हणालात. हिरू, चालव. ...अजून घोगरा. ...अजून.

हिरू : आता?

जलालचाचा : आता शीळ आली. हलू नको. कुणी पाय आपटू नका.

चंदरमामा : मी कुठं आपटतोय?

हिरू : श्शू.

जलालचाचा : किती झालं?

हिरू : अर्धं. ...उतरलं. समदं उतरलं. पेटीत ठेवते. ...झालं. मामा, झालं पण. इतक्या लवकर?

चंदरमामा : मग? सांगितलं होतं. मागितलं की समोर.

हिरू : आता दुसरी बाजू. हिच्यात ह्या दोन म्हयन्यांचं हाय. चाचा, ही जास्त घासलीय.

जलालचाचा : चालव. ...हं. नाय, ही निराळीच तिरकी हाय.

चंदरमामा : जरा डावीकडं, जलालभाई.

जलालचाचा : कानानं सांगताय?

चंदरमामा : घोगरं ऐकू येतंय मला. अजून थोडं. बस. बस, आलं.

हिरू : बोलू नका दोघं.



चंदरमामा : ...थरथरतोय आवाज. शेवटाला.

हिरू : उतरलं. पेटीत टाकते. टाकलं.

जलालचाचा : नि टेप गेली. बघ, गुंता झाला आत. डोक्यात अडकली.

हिरू : जाऊ दे. आता तिचं काय नाय. समदं पेटीत हाय.

चंदरमामा : आता दोन्ही बाजू एकदम बघता येतील. तुझा प्रोग्राम कुठाय? कोणी लिहून दिला?

हिरू : मी लिवला. पुस्तक तुमीच दिलं व्हतं याच्याबरोबर.

चंदरमामा : ते इंग्रजी आहे.

हिरू : व्हय. येका पानाला दोन दिवस लागायचे. चालवते. येकेक पोराचे तीन आकडे काढायचे, दुसरा पयल्याहून कमी नि तिसरा दुसऱ्याहून कमी, तर नाव छापायचं. ...आली. नऊ हायेत. दहाच्या आतच बसली.

जलालचाचा : शुकर. कुणाला घरी ठेवायला नको.

हिरू : कागदावर उतरते. छापायचं यंत्र नाय आपल्याकडं. मामा, तुमी वाचा, मी लिवते.

चंदरमामा : चिंधी काळूराम. करंजवाडी. वय दोन. आठ किलो दोनशे, सात नऊशे, सात चारशे. ...हे सात किलो? दोन वर्षांच्या पोरीचं?

हिरू : व्हय. पुढं?

चंदरमामा : काळूराम म्हणजे कुठला? खालच्या अंगाच्या झोपडीतला?

जलालचाचा : तोच. तुझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होता. कोपऱ्यात बसायचा.

चंदरमामा : तीसपर्यंत पाढे यायचे त्याला. गुरुजी मला त्याच्यासमोर उभं करायचे, शिक, म्हणायचे. आता काय करतो?

जलालचाचा : दिवाळीनंतर वीटभट्टीवर. पावसाळ्यात काय करणार, घरी असतो.

हिरू : मामा, पुढचं नाव. पाच वाजून गेले.

जलालचाचा : अरे हां. साहेब, तुमची पाचची एसटी गेली.

चंदरमामा : गेली तर गेली. लिही, हिरू. नामा हिरामण, वरची वाडी. जुबेदा... ही वाडीवर कशी?

जलालचाचा : शकूर कोळसेवाल्याची. खोपट घालून राहतात तिथं. लिही.

हिरू : लिवली.

चंदरमामा : चंद्राबाईचा मुलगा, नाव ठेवलेलं नाही.

हिरू : त्याला आमी बारका म्हणतो. पुढं?

चंदरमामा : मंगळू. पारी. आणि या तिघी बहिणी एकाच घरातल्या, आडनाव सारखं आहे.

हिरू : आठ नि... नऊ. झाले. घड्या घालते. आई म्हणाली व्हती, नुसतं पोराचं नाव सांगायचं नाय, बापाचं नाव नि झोपडीची खूण पण सांगायची, नायतर निरोप दुसऱ्याच घरी जातो.

चंदरमामा : भोंगा कसला वाजला?

जलालचाचा : जीपचा. साडेपाचला अजून पाच मिनिटं हायत, पण भरली की सोडतो तो. हिरू, पळ.

चंदरमामा : अगं, पायात काही घाल.

जलालचाचा : गेली पण.

चंदरमामा : बाहेर सगळा चिखल आहे.

जलालचाचा : खिडकीतनं दिसत्ये. बघा, किराणावाल्याच्या पुढनं चालली. तो जीपवाला हालला.

चंदरमामा : हालला? तिनं हाक मारली नाही का?

जलालचाचा : वाडीवरची माणसं मागं लोंबकळतायत, टपावर बसलीत, त्या गोंगाटात कोण ऐकतो?

चंदरमामा : चुकली मग.

जलालचाचा : नाय. आडव्या बोळातनं पुढं निघाली. उभी राह्यली रस्त्यात. मधोमध, दोन्ही हात पसरून.

चंदरमामा : तो बघत नाहीये तिच्याकडं. ...बघितलं. थांबला.

जलालचाचा : शिव्या देतोय. दिल्या तर दिल्या. ती काय हालत नाय.

चंदरमामा : चाचा, तिच्या चपला कुठं हायत?

जलालचाचा : दाराआड. पण थांब, चंदर, आत्ताच जाऊ नको. टपाकडं तोंड करून नावं वाचत्ये ती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.